फुकटच्या कामाला धडधाकट

दहावीचा निकाल लागला की आमच्याकडच्या वर्तमानपत्रांना एक मुलगी लागते. ती मोलमजुरी करणाऱ्यांची असावी, तिला जन्माचा एखादा आजार असावा, धाकट्या भावंडांचं तिनंच केलेलं असावं आणि टक्के ऐंशीच्या वर असावेत. टक्के थोडे इकडेतिकडे चालतात, आजार मात्र मोठा हवा. मग आई पेढा भरवते, वार्ताहर फोटो काढतो आणि दुसऱ्या दिवशी मथळा पडतो : ‘आजारावर मात करत, घर सांभाळत मिळवलं यश.’ एका वर्षी आमच्या तालुक्याची ती मुलगी मी होते. पेढा वार्ताहरानंच आणला होता. आमच्या घरी त्या दिवशी चहापुरतीसुद्धा साखर नव्हती.

फोटो छापून आला त्याच आठवड्यात मी सरकारी दवाखान्यात सलाईन लावून पडले होते. ती बातमी नव्हती.

सिकलसेलवर मात होत नाही, हे आधी स्पष्ट करते. ज्यांच्या घरात हा आजार नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगायचं तर, रक्तातल्या तांबड्या पेशी गोल आणि लवचीक असायला हव्यात. आमच्या पेशी अंगातलं पाणी कमी झालं, थंडी लागली, ताप आला, श्रम जास्त झाले की ताठर होऊन विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकून बसतात. पुढचा रक्तपुरवठा तुटतो आणि हाडं आतून ठणकायला लागतात. धडधाकट माणसाची तांबडी पेशी साधारण १२० दिवस टिकते, आमची दहा-वीस दिवसांत फुटते. म्हणून डोळे पिवळे, रक्त कायम कमी, आणि चार पायऱ्या चढल्या की धाप. आईबाप दोघेही वाहक, म्हणजे आमच्या भाषेत ‘एएस पॅटर्न’चे असतील, तर होणाऱ्या प्रत्येक मुलाला पूर्ण आजार, म्हणजे ‘एसएस’, असण्याची शक्यता चारांत एक. दर बाळंतपणाला हाच हिशेब नव्यानं मांडला जातो. आमच्या घरात तीन लेकरांपैकी दोघं एसएस निघाले, मी थोरली आणि भाऊ धाकटा. मधली बहीण वाहक.

भावाचं निदान झालं तेव्हा बाबा म्हणाले, “हे हिच्या माहेरचं आहे.” दोघांकडून आल्याशिवाय हा आजार होतच नाही, हे डॉक्टरांनी कागदावर चौकट काढून समजावलं. बाबांनी मान हलवली आणि बाहेर येऊन तेच पुन्हा म्हणाले. त्यांचं ते मत आजही कायम आहे.

आम्ही गोंदिया जिल्ह्यातले. बाबा राईस मिलमध्ये पोती उचलायचे, आई रोवणीला आणि कापणीला जायची, उन्हाळ्यात तेंदूपत्ता. आजी अंथरुणाला खिळलेली. म्हणजे घरकामाला हाताशी असणारं, हातपाय हलणारं माणूस एकच, मी. त्या माणसाला एसएस आहे ही गोष्ट सगळ्यांना माहीत होती आणि ती कुणाच्याही कधी आड आली नाही.

आता मुद्द्यावर येते. एकाच घरात, एकाच आईबापाच्या पोटी, एकाच आजाराची दोन लेकरं. त्यातला मुलगा आजारी आहे आणि मुलगी मोठी आहे. भावाला थंडीत आंघोळीला गरम पाणी, आणि ते चुलीवर तापवणारी मी. भावाला दुपारी झोप, आणि तेवढ्या वेळात घरात आवाज होऊ नये म्हणून बकऱ्या बाहेर नेणारी मी. एका पौषातल्या रात्री आम्हा दोघांना एकदमच कळा सुरू झाल्या. त्याचे गुडघे आणि कंबर, माझे दंड आणि पाठ. आईनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं. मी उठले, तव्यावर जाडं मीठ तापवलं, फडक्यात बांधलं आणि त्याच्या गुडघ्यांना शेकत बसले. दंडातून कळ आली की गाठोडं हातातून सुटायचं. एकदा ते त्याच्या पायावर पडलं, तो किंचाळला, आणि आई म्हणाली, “काहून अशी करतेस? तू मोठी आहेस नं.” मी मोठी होते. अकरा वर्षांची.

आईला दोष देऊन हा लेख संपवता आला असता. वाचकालाही ते सोयीचं पडलं असतं. पण पहाटे उठून चिखलात वाकायला जाणारी ती बाई एक दिवस घरी राहिली तर त्या दिवसाची मजुरी बुडायची, आणि मजुरी बुडाली की संध्याकाळचं जेवण. तिनं मला राबवलं, कारण तिला दुसरं कुणी राबवायला दिलेलं नव्हतं. माझा राग तिच्यावर नाही, तिच्या त्या अडचणीवर फुकट उभ्या राहिलेल्या व्यवस्थेवर आहे. आणि त्या व्यवस्थेला टाळ्या वाजवणाऱ्या भल्या माणसांवर तर जास्तच.

दवाखान्यातून घरी पाठवताना चिठ्ठीवर नेहमी तेच लिहिलेलं असायचं. भरपूर पाणी, दिवसाला तीन-चार लिटर. थंडीपासून जपा, जड काम नको, विश्रांती घ्या, फॉलिक अ‍ॅसिडची गोळी रोज. सल्ला शंभर टक्के बरोबर. आता तो आमच्या गावात आणून पाहा. तीन-चार लिटर पाणी प्यायचं तर ते आधी बोरिंगवरून भरून आणायचं. घरचे सगळे गुंड मीच भरायची, म्हणजे पाणी पिण्यासाठी जे श्रम करायचे त्यांनीच अंगातलं पाणी कमी व्हायचं. तरी पाणी पिणं एक वेळ जमायचं. पुढचा भाग कुणी सांगत नाही. सिकलसेलमध्ये मूत्रपिंडाला पाणी धरून ठेवता येत नाही, त्यामुळे लघवी सारखी होते, लहानपणी रात्री अंथरूणही ओलं होतं. आणि आमच्या शाळेत मुलींच्या संडासाला कुलूप होतं. किल्ली मुख्याध्यापकांच्या टेबलाच्या खणात, कारण तो ‘खराब होतो’. दिवसातून दहा वेळा किल्ली मागायला कोणती मुलगी जाईल? मी सकाळी घरून निघाल्यावर संध्याकाळपर्यंत पाण्याचा घोटही घेत नसे. आमच्या वर्गातल्या धडधाकट मुलीही घेत नव्हत्या, पण त्यांच्या रक्तात विळे तयार होत नव्हते.

माझ्या शाळकरी वयातल्या कळांपैकी निम्म्या तरी त्या कुलपानं दिल्या, असं माझं ठाम मत आहे. औषध बदलून पाहणाऱ्या एकाही डॉक्टरनं मला कधी विचारलं नाही की तू शाळेत पाणी पितेस का, आणि पीत नसशील तर का नाही. ओपीडीत वेळ नसतो, मान्य. पण ‘काळजी घ्या’ म्हणायला जेवढा वेळ लागतो तेवढ्याच वेळात ‘घरचं पाणी कोण भरतं?’ हेही विचारून होतं.

भाऊ दवाखान्यात भरती झाला की त्याच्यासोबत मीच राहायची, कारण आईची रोवणी आणि बाबांची मिल. वॉर्डात एका रुग्णासोबत एक माणूस असा नियम. ते माणूस मी. रात्री त्याची बाटली संपत आली की सिस्टरला हाक मारायची, त्याला भांडं द्यायचं, सकाळी रिपोर्ट आणायला दोन मजले चढायचे. एकदा मी सिस्टरना म्हटलं, मलाही एसएस आहे, माझं अंग दुखतंय. त्या म्हणाल्या, “तुझ्याकडे पाहून वाटत तर नाही.” पुढे मोठी झाल्यावर स्वतःच्या कळांसाठी गेले तेव्हा एका तरुण डॉक्टरनं माझ्यासमोरच सहकाऱ्याला सांगितलं की ही इंजेक्शनासाठी नाटक करतेय. सिकलसेलची कळ बाहेरून दिसत नाही. सूज नाही, जखम नाही, ताप असलाच तर थोडा. आणि जी मुलगी आयुष्यभर कळ दाबून चूल पेटवायला शिकली, तिला डॉक्टरसमोरही रडून दाखवता येत नाही. घरानं दिलेलं ते वळण दवाखान्यात अंगाशी येतं.

आता टाळ्यांविषयी. “पोरगी मोठी गुणाची आहे जी तुमची.” हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलं आहे की त्यातल्या प्रत्येकानं मला ते म्हणण्याऐवजी एक गुंड पाणी आणून दिलं असतं तर माझी तब्येत आज वेगळी असती. आत्या म्हणायची, शेजारच्या काकू म्हणायच्या, गुरुजी तर भर वर्गात म्हणायचे. हिच्याकडे पाहा, आजारी असून घर चालवते, आणि तुम्हाला साधा गृहपाठ होत नाही. रोवणीच्या दिवसांत मी आठवडा-आठवडा शाळेत नसायची. कारण विचारल्यावर ‘घरी काम आहे’ सांगितलं की गुरुजी समजून घ्यायचे. किती समजून घ्यायचे! एवढं समजून घेणारा माणूस एकदाही घरी येऊन विचारत नाही की या लेकराचं काम थोडं कमी करता येईल का. कौतुकाला पैसा लागत नाही, वेळ लागत नाही, आणि एकदा ते करून टाकलं की पुढची जबाबदारीही उरत नाही. शिवाय कौतुक झालेल्या मुलीला तक्रार करता येत नाही. गुणाची म्हणून नाव झालं, की थकल्याचं सांगणं हा अवगुण ठरतो.

कायदाही गुरुजींसारखाच समजूतदार. बालमजुरीचा कायदा २०१६ मध्ये दुरुस्त झाला. त्यात लेकरानं शाळा सुटल्यावर किंवा सुटीत कुटुंबाला हातभार लावायला मुभा ठेवली आहे. घरचं काम तर कोणत्याच कायद्याला मजुरी वाटत नाही. सरकारनं २०१९ मध्ये लोकांच्या वेळेच्या वापराचं देशभर सर्वेक्षण केलं. ६ वर्षांवरच्या माणसांचं. घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायका आणि मुली त्यात रोज सरासरी २९९ मिनिटं घालवत होत्या, पुरुष आणि मुलगे ९७. म्हणजे सहा वर्षांची पोर घरात राबते हे सरकारला ठाऊक आहे, त्यासाठी वयाचा रकानाही केलेला आहे. ती पोर स्वतः आजारी आहे का, हा रकाना मात्र मला कुठल्याच कागदावर सापडलेला नाही. विलायतेत २०१४ च्या कायद्यानं एवढं तरी केलं की घरातल्या आजारी माणसाचं करणाऱ्या लेकराच्या गरजा तपासणं हे तिथल्या स्थानिक संस्थेवर बंधनकारक आहे. तपासणी झाली म्हणून सगळं मिळतं असं नाही, हे मलाही कळतं. पण निदान तिथे अशा लेकराचं अस्तित्व कागदावर मान्य आहे. आमच्याकडे त्याचा फोटो छापतात.

आणि मग गंमत पाहा. मी एकवीस-बावीसची झाले आणि घरात लग्नाचा विषय निघाला. ज्या आत्यानं मला वीस माणसांचा स्वयंपाक करताना पाहिलं होतं, तीच म्हणाली, “हिला संसार झेपेल का?” पाहायला आलेल्यांना माझं सिकलसेलचं कार्ड दाखवायचं की लपवायचं यावर खल झाला. मी दाखवलं. त्यांचा मुलगा वाहक आहे का, हे तपासून घ्या असंही सांगितलं, कारण खरा प्रश्न तो होता. त्यांनी तपासणी केली नाही, नकार कळवला. कारण काय, तर मुलगी नाजूक आहे. भावासाठी मात्र पुढे मुलगी पाहताना ‘त्याची काळजी घेणारी हवी’ अशी अट होती, आणि तशी मिळालीही.

नोकरीतही हेच झालं. एका खासगी संस्थेत मुलाखत चांगली झाली, निवड झाली, वैद्यकीय तपासणीच्या कागदावर आजाराचं नाव आलं आणि जागा ‘सध्या रद्द’ झाली. आजीचं, भावाचं, चुलीचं, बकऱ्यांचं करताना मला कुणी फिटनेस सर्टिफिकेट मागितलं नव्हतं. फुकटच्या कामाला आम्ही धडधाकट, पगाराच्या कामाला आजारी. माझ्या ओळखीतल्या एसएस असलेल्या बहुतेक मुलींची हीच कहाणी आहे.

सरकार यावर काय करतं? सरकार तपासण्या करतं. १ जुलै २०२३ रोजी पंतप्रधानांनी मध्य प्रदेशातल्या शहडोलमध्ये सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू केलं. चाळिशीपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असं उद्दिष्ट. आदिवासींमध्ये ८६ जन्मांमागे एक मूल हा आजार घेऊन येतं, असं सरकारच सांगतं. (आम्ही आदिवासी नाही, बौद्ध आहोत. विदर्भात हा आजार अनुसूचित जातींच्या आणि ओबीसींच्या घरांतही मुबलक आहे. पण ‘आदिवासींचा आजार’ म्हटलं की इतरांना हायसं वाटतं.) तपासणीला माझा विरोध नाही. लग्नाआधी कुंडलीऐवजी कार्ड जुळवा, हे मी स्वतः गावोगाव सांगत फिरले आहे. पण निर्मूलन म्हणजे काय? तर पुढे आमच्यासारखी लेकरं जन्माला येऊ नयेत. ठीक. जी जन्माला आली आहेत त्यांचं काय? त्यांना कार्ड. कार्ड मिळालं की आकडा वर जातो, आकडा वर गेला की अभियान यशस्वी.

हायड्रॉक्सीयुरिया नावाचं साधं, जुनं औषध आहे. त्यानं कळा कमी होतात. अमेरिकेत १९९८ मध्ये मोठ्यांच्या सिकलसेलसाठी ते मंजूर झालं. भारतात ते मिळतं, महाग नाही, मात्र रक्ताची तपासणी करत राहावं लागतं आणि खंड पडू द्यायचा नसतो. माझ्या भावाच्या गोळ्यांत खंड इतक्या वेळा पडला की मोजणं सोडलं. ‘वरूनच आल्या नाहीत’ हे उत्तर ऐकून जिल्ह्याच्या ठिकाणी जायचं, म्हणजे पुन्हा कुणाची तरी मजुरी किंवा शाळा बुडणार. कुणाची ते सांगायला नकोच. परदेशात २०२३ च्या शेवटी या आजारावर जनुक बदलणारा उपचार मंजूर झाला, त्याची अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर. त्याच्या बातम्या आमच्या गावच्या ग्रुपवर फिरतात. मला विचाराल तर मला आधी गोळ्या वेळेवर द्या आणि शाळेतल्या संडासाचं कुलूप काढा.

काही जण म्हणतात, गरिबाच्या घरात सगळ्याच लेकरांना राबावं लागतं, तुमचंच काय वेगळं? वेगळं एवढंच की त्या राबण्यानं आमचे खुबे मरतात. रक्तपुरवठा वारंवार तुटला की मांडीच्या हाडाचा वरचा गोल भाग निकामी होतो, आणि भर तारुण्यात सांधा बदलायची पाळी येते. माझ्या डाव्या खुब्याचं तेच सुरू आहे. गुरुजींनी वर्गात ज्याचं कौतुक केलं त्याचा हा एमआरआय.

सगळ्यात चीड आणणारी गोष्ट शेवटी ठेवली आहे, कारण ती कायद्याच्या पुस्तकात आहे आणि कुणीही उघडून पाहू शकतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं २१ प्रकारची दिव्यांगता मान्य केली. त्यात थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि सिकलसेल आहेत. आम्ही आनंदलो. मग कलम ३४ वाचलं. सरकारी नोकरीतलं ४ टक्के आरक्षण अंध, कर्णबधिर, अस्थिव्यंग, बौद्धिक व मानसिक दिव्यांग आणि यांतल्या एकाहून अधिक प्रकारांच्या बहुविकलांगांना आहे. रक्ताचे आजार त्या यादीत नाहीत. उच्च शिक्षणातल्या ५ टक्के जागांना आम्ही पात्र, त्यासाठी ४० टक्क्यांचं प्रमाणपत्र हवं. ते देणारं मंडळ आम्हाला कळा नसलेल्या दिवशी पाहतं, कारण कळा असतील त्या दिवशी आम्ही रांगेत उभ्याच राहू शकत नाही. शिक्षण झालं की नोकरीच्या दारात मात्र आम्ही एकदम दिव्यांग नाही. माझा खुबा पुरता झिजला आणि मी लंगडू लागले, तर अस्थिव्यंग म्हणून माझा विचार होऊ शकेल. म्हणजे हाड मरेपर्यंत थांबा, मग अर्ज करा.

सध्या मी कंत्राटी नोकरी करते. कळा आल्या की रजा, रजेचा पगार कापला जातो. बाबा थकले आहेत, आई अजून रोवणीला जाते. भावाच्या गोळ्या संपल्या की आणायला आजही मीच जाते.

विदर्भातल्या एखाद्या खासदाराच्या हाती हा लेख पडला तर कृपा करून कौतुक करू नये, सत्काराला बोलावू नये. कलम ३४ च्या यादीत रक्ताचे आजार घालणारं खासगी विधेयक मांडावं. खासगी विधेयकं सहसा मंजूर होत नाहीत, हे मला माहीत आहे. तरी मांडावं.